बर्नआऊटच्या आधी थांबायचं कसं: नागपुरातल्या नोकरदारांसाठी

मार्च एंडला बँकेतला माणूस थकतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की तारांकित प्रश्नांची उत्तरं तयार करणारा कर्मचारी थकतो. मिहानमध्ये रात्रीची शिफ्ट करणारी मुलगी थकते, बुटीबोरीत महिनाअखेरचं डिस्पॅच सांभाळणारा सुपरवायझर थकतो. हा थकवा स्वाभाविक आहे. काम सरलं, दोन रात्री नीट झोप झाली, एक रविवार निवांत गेला की तो उतरतो. काळजी करायची ती न उतरणाऱ्या थकव्याची. सुट्टी झाली, झोप झाली, तरी सोमवारी अंथरुणातून उठवत नाही, आणि हे सलग तीन-चार आठवडे चाललं आहे, अशी स्थिती असेल तर पुढचं वाचून याच आठवड्यात कामाला लागा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, बर्नआऊटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की निर्माण होणारी स्थिती, असं तिथे म्हटलं आहे. तिच्या खुणा तीन: अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल आणि कामावरच्या माणसांबद्दल तिटकारा किंवा दुरावा वाटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना.

मूळ कामात आहे, हे या व्याख्येतच सांगितलेलं आहे आणि बहुतेक सल्ल्यांत नेमकं तेच सुटतं. नुसता प्राणायाम, पचमढीची सहल किंवा "चांगला विचार कर" या उपदेशाने बर्नआऊट टळत नाही, कारण परत आल्यावर टेबलावर तोच ढीग असतो. आधी भार कमी करायचा, त्याच्याबरोबर झोप सावरायची, आणि मग श्वास, व्यायाम, फिरणं. क्रम उलटा केला तर माणूस महिनाभर योगवर्गाला जातो, फरक पडत नाही, आणि "माझ्यातच काही कमी आहे" असं समजून बसतो.

आधी काय दिसतं

ताणात असलेला माणूस म्हणतो, "एवढं संपलं की सुटलो." बर्नआऊटकडे निघालेला म्हणतो, "संपलं तरी काय फरक पडणार आहे?" हा बदल स्वतःला उशिरा कळतो, घरच्यांना आधी. बायको, आई किंवा मोठी मुलगी "तू हल्ली फार चिडतोस" असं दुसऱ्यांदा म्हणाली, तर वाद घालू नका; ती तुमच्याकडची सगळ्यात विश्वासार्ह नोंद आहे.

आणखी एक खूण फार नेमकी आहे. वेळ कमी पडू लागला की माणूस ज्याने बरं वाटतं तेच आधी बंद करतो. सकाळचं फिरणं जातं, मग भजनी मंडळ किंवा बॅडमिंटन, मग मित्राकडे जाणं, मग घरी सगळ्यांबरोबर बसून जेवणं. काम मात्र तेवढंच राहतं, किंबहुना वाढतं. म्हणजे खर्च तोच आणि भरणा बंद. गेल्या सहा महिन्यांत आपण काय काय सोडलं याची यादी करा. तीनपेक्षा जास्त गोष्टी निघाल्या तर उशीर होऊ लागला आहे असं समजा.

शरीरही बोलतं: मान आणि खांदे आखडणं, ॲसिडिटी, डोकं जड होणं, वारंवार सर्दी, पहाटे तीन-चारला जाग येऊन ऑफिसचेच विचार सुरू होणं, रविवारी सायंकाळपासून पोटात गोळा येणं. साध्या कामांत चुका होऊ लागतात. आकडा चुकतो, मेलला फाईल जोडायची राहते. मात्र छातीत दुखलं, डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून घरी बसू नका. त्याच वेळी ईसीजी काढा.

चौदा दिवसांची वही

कुठे गळती आहे हे कळल्याशिवाय उपाय करण्यात अर्थ नाही. साधी छोटी वही घ्या. फोनमध्ये लिहू नका, कारण लिहायला फोन उचलला की व्हॉट्सॲप उघडतं आणि अर्धा तास जातो. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं, पाच नोंदी:

- काल रात्री किती वाजता झोप लागली, सकाळी किती वाजता जाग आली
- उठताना थकवा किती होता, ० ते १० मध्ये
- आज किती तास काम केलं. घरून घेतलेले ऑफिसचे फोनही त्यात धरा
- आज सगळ्यात जास्त कशाने पिळवटलं
- आज कशाने थोडं तरी बरं वाटलं

चौथ्या नोंदीत "काम" असं मोघम लिहू नका. "साडेपाचला आलेला रिपोर्ट", "सगळ्यांसमोर बोलणं खाल्लं", "तीन जणांची ओपीडी एकटीने काढली" असं लिहा. आठवडाभराचं रविवारी आठवून लिहिलं तर वहीचा उपयोग नाही. थकलेल्या माणसाला सगळे दिवस सारखेच वाईट आठवतात आणि त्यातला फरक निसटतो.

चौदा दिवसांनी वाचा. क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकल लायटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी बर्नआऊटची मुळं शोधताना कामाच्या सहा बाजू सांगितल्या आहेत: कामाचा भार, त्यावरचा आपला ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि आपल्याला पटणारी मूल्यं. चौथ्या नोंदीतल्या प्रत्येक ओळीपुढे यातला एक शब्द लिहा. बहुतेकांना वाटतं आपला प्रश्न भाराचा आहे, आणि वहीत भलताच शब्द आठ-आठ वेळा येतो. "न्याय" जास्त वेळा आला, म्हणजे काम आपण केलं आणि नाव दुसऱ्याचं झालं असं चाललं असेल, तर चार दिवस रजा घेऊन काही होणार नाही. "ताबा" आला असेल तर काम कमी करण्यापेक्षा कामाचा क्रम आपल्या हातात घेणं जास्त उपयोगी पडतं. १९७९ साली रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं ते हेच होतं: मागणी जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त झिजवते.

भार कमी करायचा म्हणजे नेमकं काय करायचं

एका कागदावर तुमच्याकडची सगळी कामं लिहा. कोणाच्या तरी बदल्यात आलेली, "तात्पुरती" म्हणून दिलेली आणि दोन वर्षं तशीच राहिलेलीही लिहा. प्रत्येकापुढे आठवड्याला लागणारे तास. बेरीज करा. शेजारी तुम्हाला प्रत्यक्ष मिळणारे तास लिहा; मीटिंग, फोन, येणारे-जाणारे वजा करून. दोन आकड्यांमधलं अंतर हाच तुमचा मुद्दा.

हा कागद घेऊन वरिष्ठांकडे जायचं. सोमवारी सकाळी नाही, जिन्यात किंवा चहाच्या टपरीवर नाही, आणि भांडण झालेल्या दिवशी तर मुळीच नाही. मंगळवार-बुधवारी, जेवणानंतर, आधी वेळ मागून. बोलणं साधारण असं असावं:

"सर, दहा मिनिटं हवी होती. माझ्याकडे सध्या ही सात कामं आहेत. सगळ्यांना मिळून आठवड्याला साठ तास लागतात आणि हाताशी पंचेचाळीस आहेत. यातली कोणती तीन आधी व्हायला हवीत ते तुम्ही सांगा. बाकीची कधी करायची तेही आत्ताच ठरवून टाकू."

"मला फार टेन्शन आहे" अशी सुरुवात केली तर "टेन्शन कोणाला नाही?" हे उत्तर ठरलेलं, आणि बोलणं तिथेच संपतं. आकडा ठेवला की समोरच्याला आकड्यावर बोलावं लागतं. "सगळंच अर्जंट आहे" असं ऐकावं लागलं तर आवाज न चढवता म्हणा: "चालेल सर. मग मी वरून एकेक घेतो. शुक्रवारपर्यंत चौथ्यापर्यंत पोचेन, खालची तीन पुढच्या आठवड्यात जातील." जागेवर आल्यावर हेच दोन ओळींत मेल किंवा मेसेज करा. पुढे "हे का राहिलं?" असा प्रश्न आला तर लिहिलेलं हाताशी असतं.

सरकारी कचेरीत नकार देण्याची सोय फारशी नसते. तिथे तीनपैकी एक मागा: तारीख, मदतीला माणूस, किंवा लेखी आदेश. लेखी आदेश मागितला की "जरा बघून घ्या ना" अशी तोंडी कामं आपोआप कमी होतात. ड्युटीचं रोस्टर असलेल्या नर्सेस आणि कारखान्यातल्या कामगारांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या असाव्यात. उलट्या फिरल्या की शरीराचं घड्याळ जुळायला जास्त त्रास होतो. आणि दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास मोकळे असावेत. सात तासांची झोप, जाणं-येणं आणि जेवण त्याहून कमी वेळात बसत नाही.

काहीच कमी होणार नसेल, तरी दिवसातला एक तास स्वतःच्या ताब्यात घ्या. सकाळी पहिला तास मेल न उघडता सगळ्यात अवघड काम. लहान वाटेल, पण दिवस दुसऱ्यांनी हाकलेला आहे ही भावना याने कमी होते.

सुटण्याआधीची पंधरा मिनिटं

अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं. कुठे थांबलो आणि पुढे काय करायचं हे कागदावर उतरलं की बरंच शांत होतं. म्हणून निघण्याआधी पंधरा मिनिटांचा गजर लावा. उद्याची पहिली तीन कामं लिहा, चालू कामाची पुढची पायरी लिहा ("पान ४ वरची बेरीज तपासायची" इतकं नेमकं), टेबल आवरा, उठा.

मग फोन. ऑफिसचे सगळे ग्रुप कायमचे म्यूट करा. सायंकाळी एकदाच, समजा साडेआठला, दहा मिनिटं बघायचं आणि बंद. सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा: "सातनंतर मेसेज दिसत नाही मला, अडलं तर सरळ फोन करा." फोन करायला माणूस विचार करतो, मेसेज टाकायला करत नाही, त्यामुळे खरंच अडलेलंच तेवढं तुमच्यापर्यंत येतं. ग्रुप सोडून जाण्याची गरज नाही, त्याने उगाच गैरसमज होतात.

घरी पोचण्याआधी एक टप्पा ठेवा. लोकमान्य नगर किंवा खापरीहून मेट्रोने येत असाल तर तो आपोआप मिळतो, फक्त तिथे मेल उघडू नका. गाडीने येणाऱ्यांनी घराजवळ पाच मिनिटं थांबावं, इंजिन बंद करून. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधला वैताग तसाच घरात नेला की तो पहिल्या माणसावर निघतो.

झोप, आणि नागपूरचा उन्हाळा

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ती सावरायची तर झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ पक्की करा. रोज सहाला उठत असाल तर रविवारी फार तर सातला. रविवारी दहापर्यंत झोपलं की रात्री झोप येत नाही, सोमवार डोळे चोळत सुरू होतो आणि दोष ऑफिसला जातो. अंथरुणात वीस मिनिटं होऊनही झोप लागली नाही तर उठा, मंद उजेडात काही कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत जा. तळमळत पडून राहिलं की मेंदू अंथरुणाचा संबंध जागण्याशी जोडतो. घड्याळ बघायचं नाही, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

एप्रिल-मेची अडचण वेगळी आहे. पारा ४५ च्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. ते उतरत नाही म्हणून नागपुरात या दोन महिन्यांत चिडचिड वाढते, आणि आधीच ताणात असलेला माणूस याच काळात कोसळतो. कूलर खोलीच्या मध्ये ठेवून दारं-खिडक्या बंद करण्याची चूक बरेच जण करतात. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. बाहेरची कोरडी हवा आत आली आणि आतली दमट हवा बाहेर गेली तरच गारवा राहतो. तो खिडकीत बसवा, समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा, नाहीतर तासाभरात खोली चिकट होते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून घासा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. पाऊस लागला की हवेतच ओलावा असतो आणि कूलर काम देत नाही. जुलैपासून नुसता पंखा बरा. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागते, अगदी बर्फासारख्या पाण्याने नाही. दिवसा पाणी कमी प्यायलं तर डोकं दुखतं आणि लक्ष लागत नाही, त्याला ताण समजून बसू नका.

रात्रीची शिफ्ट असेल तर: शिफ्टच्या आधी नव्वद मिनिटांची झोप, चहा-कॉफी फक्त शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात, घरी येताना गॉगल (सकाळचं ऊन मेंदूला "दिवस झाला" असा निरोप देतं), खोलीला जाड गडद पडदे, दारावरची बेल बंद. घरच्यांना सांगा की सकाळी दहा ही तुमची मध्यरात्र आहे. गॅस सिलिंडर आणि कुरिअर दुसऱ्या कोणी घ्यावं. सकाळी झोपेच्या डोळ्यांनी दुचाकी चालवू नका, कंपनीची बस घ्या.

चहा, खर्रा, दारू

प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. पाचच्या चहाचा परिणाम रात्री अकराला राहतो. झोप बिघडली असेल तर दुपारी दोननंतरचा चहा दोन आठवडे बंद करून बघा. एकदम तोडलं तर दोन-तीन दिवस डोकं दुखेल, म्हणून रोज एक कप कमी करत या.

खर्ऱ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण नागपुरात ताण आला की हात तिकडेच जातो. खर्ऱ्यातल्या तंबाखूचं निकोटिन हृदयाचे ठोके वाढवतं. तोंडात टाकल्यावर जे बरं वाटतं, ते बहुतांशी आधीच्या खर्ऱ्याची तलफ भागल्याचं असतं. तलफ साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग, एक ग्लास पाणी, आणि पानठेल्याच्या विरुद्ध दिशेला फेरी. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाईन १८०० ११ २३५६ आहे. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि दुसरा दिवस जास्त उदास जातो.

श्वास आणि चालणं

अंगात धडधड सुरू झाली, मीटिंगच्या आधी घसा कोरडा पडला, की हे करा. पाय जमिनीला टेकवून बसा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, यामागे व्हेगस नावाची मज्जातंतू आहे. गरगरलं तर श्वास फार खोल घेत आहात. हळूच ठेवा, पण उथळ घ्या. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरं होतं. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यावीत. हे फक्त त्या क्षणापुरतं आहे, साठ तासांच्या आठवड्यावरचा हा उपाय नव्हे.

चालण्याचं प्रमाण आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, जे जवळ असेल ते. मेमध्ये सकाळी सातच्या आत परत या. जिमची वर्षाची फी भरण्याआधी तीन आठवडे नुसतं चालून बघा. थकलेल्या माणसाने मोठा निश्चय केला की तो दहाव्या दिवशी मोडतो आणि मोडल्याचं ओझं वेगळं.

घरात

नोकरी करणाऱ्या बाईचा दुसरा दिवस सायंकाळी सातला सुरू होतो, आणि वहीत तिचे कामाचे तास लिहिले तर बहुतेकदा नवऱ्यापेक्षा जास्त भरतात. "मला मदत करा" असं म्हणून हे बदलत नाही, कारण मदत करणारा सांगितल्याशिवाय हलत नाही आणि सांगण्याचं कामही तिच्याच डोक्यावर राहतं. अख्खं काम सोपवा: मुलाचा डबा म्हणजे काय करायचं ते ठरवणं, भाजी आणणं, भरणं, सगळं त्याचं. पहिले पंधरा दिवस डबा तुमच्यासारखा होणार नाही. होऊ द्या, हातात घेऊ नका. सासूबाई घरी असतील तर आल्या आल्या स्पष्ट, नरम शब्दांत: "आई, मला वीस मिनिटं द्या, हात-पाय धुऊन जरा पडते. मग आपण दोघी मिळून चहा घेऊ." रोज त्याच वेळी घेतलं की चार दिवसांत घराला सवय होते. कधीकधी घेतलं की रोज खुलासा द्यावा लागतो.

रजा

लांब सुट्टीचा परिणाम कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो. म्हणून वर्षाअखेर पंधरा दिवस घेण्यापेक्षा दर सहा-आठ आठवड्यांनी शुक्रवार किंवा सोमवार जोडून तीन दिवस घेणं जास्त लाभाचं. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि तुमचे जड आठवडे लाल करा: मार्च एंड, अधिवेशन, जूनमधले शाळाप्रवेश, घरातली लग्नं. रजा त्या लाल आठवड्यांच्या आधी टाका. सगळे नंतर टाकतात, तोवर माणूस आजारी पडलेला असतो. मेहुण्याच्या लग्नात राबण्यात गेलेली रजा विश्रांतीत मोजू नका. सातबाऱ्यासाठी तहसील कचेरीत गेलेलीही नाही. रामटेकला जाऊन सायंकाळी परत येणं पुरेसं आहे, फोन बंद असेल तर.

डॉक्टरकडे कधी आणि कुठे

वरचं सगळं महिनाभर करूनही फरक नसेल, किंवा दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास आहे, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, भूक-झोप बिघडली आहे, तर हे बर्नआऊटच्या पलीकडे, नैराश्याकडे गेलेलं असू शकतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर दाखवा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर बेरीज न बघता त्याच दिवशी दाखवा.

आधी फॅमिली डॉक्टरकडून हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. यांपैकी काहीही बिघडलं की हुबेहूब असाच थकवा येतो. रात्री जोरात घोरत असाल आणि सकाळी डोकं जड असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. मेडिकल दुकानातून सांगोवांगी झोपेची गोळी आणू नका. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागते.

टेली-मानस १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत फोन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे. त्याच्या नावाने चेष्टा करण्याची शहराला जुनी सवय आहे आणि त्या सवयीने कित्येकांचे उपचार लांबले. झोप येत नाही, सतत धास्ती वाटते, एवढ्या तक्रारीसाठीही तिथल्या ओपीडीत जाता येतं, भरती व्हावं लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे.

जाताना चौदा दिवसांची वही, चालू औषधांची यादी आणि तपासण्यांचे कागद न्या, घरचं एक माणूस सोबत असेल तर उत्तम. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते. "काही होत नाही" म्हणून आठव्या दिवशी बंद करणं आणि बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात स्वतःच सोडणं, या दोन चुकांनी त्रास परत येतो. कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

सोबतचा कोणी गप्प गप्प झाला असेल तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा: "काय झालं बे, बरं नाही वाटत आहे का? मरावंसं वगैरे येतं का मनात?" असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर उपदेश करू नका, एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा उचलून दुसरीकडे ठेवायला घरच्यांना सांगा, आणि १४४१६ ला त्याच्याजवळ बसून फोन लावा. धोका तातडीचा असेल तर ११२ किंवा १०८, किंवा सरळ मेडिकलचा अपघात विभाग; तो रात्रीही उघडा असतो.